कॅसेट अजून कशाला? मला कायम विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे साडेचारशेच्या आसपास कॅसेटी आहेत. निम्म्या विकतच्या, निम्म्या घरी, गाण्याच्या क्लासमध्ये, देवळात भरलेल्या. घरी कुणी आलं आणि कपाट बघितलं की तेच तेच प्रश्न येतात म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच काढावं. मी इंजिनीअर नाही, पण सांगलीत एका टेप रिपेअरवाल्याकडे सुट्टीत तीन उन्हाळे बसलोय आणि तेव्हापासून स्वतःची मशीन स्वतःच उघडतो, त्यामुळे जे लिहितोय ते हात घालून बघितलेलं आहे.

मोबाईलवर सगळं फुकट मिळतं, मग कॅसेट कशाला?

सगळं मिळत नाही, ही पहिली गोष्ट. बाजारात आलेलं मिळतं. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या कुठल्याही ॲपवर नाहीत, माझ्या गुरुजींनी १९९१ साली मला शिकवलेला यमन कुठेही नाही, आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचा तो एकादशीचा गजर नाही. हे सगळं कॅसेटवर आहे कारण त्या काळात सामान्य माणसाच्या घरात आवाज धरून ठेवणारी तेवढी एकच वस्तू होती. आणि जे ॲपवर मिळतं तेही आपलं नसतंच, मी मोठ्या हौसेने नाट्यगीतांची यादी करून ठेवली होती, एक दिवस बघतो तर त्यातली सहा गाणी करड्या रंगात गेलेली, दाबली तरी वाजत नाहीत, म्हणे हक्क संपले. ते हक्क कुणाचे आणि कधी संपले ते आपल्याला कोण सांगणार. कपाटातली कॅसेट अशी उठून जात नाही. तिला नेट लागत नाही, पासवर्ड लागत नाही, मध्येच टूथपेस्टची जाहिरात लागत नाही.

आवाज सीडीपेक्षा चांगला असतो का? खरं सांगा.

नाही. जे लोक असतो म्हणतात त्यांच्याशी मी वाद घालत नाही पण मोजलं तर नाही. सीडीचा सगळ्यात मोठा आवाज आणि तिची पार्श्वभूमीची शांतता यात ९६ डेसिबलचं अंतर असतं, साध्या, लोह-ऑक्साइडचा थर असलेल्या टेपवर डॉल्बी (म्हणजे टेपची खरखर दाबणारं सर्किट) न लावता ते ५० च्या आसपास येतं, म्हणून गाणं सुरू व्हायच्या आधी तो हिस्स आवाज येतो. वरच्या पट्टीतले एकदम बारीक आवाज, म्हणजे झांजेची शेवटची किणकिण वगैरे, ते पण साध्या कॅसेटवर थोडे विरतात. शिवाय मोटर, बेल्ट जुने झाले की स्वर हलतो, आणि तो हार्मोनियमच्या किंवा सतारीच्या लांब सुरात लगेच कळतो.

पण आता असं बघा, माणसाचा बोलण्याचा आवाज, कीर्तन, गायकी, तंबोरा, यातलं जे महत्त्वाचं आहे ते कॅसेट अगदी व्यवस्थित धरते. चांगल्या डेकवर, म्हणजे ॲम्प्लिफायरला जोडायच्या टेप मशीनवर, नीट भरलेली कॅसेट लावून मी लोकांना डोळे मिटून ऐकायला लावलंय, हिस्स सोडला तर तक्रार कुणीच केली नाही. कॅसेटचे खरे फायदे आवाजाच्या मोजमापाच्या बाहेर आहेत, त्यामुळे पुढचे प्रश्न वाचा.

मग कॅसेटचा 'वॉर्म साउंड', म्हणजे ऊबदार आवाज, म्हणतात ते काय? थाप आहे का?

थाप नाही, त्याला कारण आहे. डिजिटलमध्ये आवाज मर्यादेच्या वर गेला की तो कापलाच जातो, कडकड करत फाटतो. टेपवर मर्यादा अशी भिंतीसारखी नाही, टेपवरचे चुंबकीय कण हळूहळू भरत जातात, त्यामुळे जोराचा आवाज जरा दाबला जातो, गोल होतो. पखवाजावर जोरात थाप पडली तर मोबाईलच्या रेकॉर्डिंगमध्ये ती तडकते आणि जुन्या टेपमध्ये ती नुसती जाड होते. देवळात भजन भरताना हे फार उपयोगी पडायचं कारण तिथे कोण कधी मध्येच टिपेला जाईल सांगता यायचं नाही.

जिथे थांबवलं तिथून पुढे वाजतं, यात एवढं काय? मोबाईलपण लक्षात ठेवतो.

मोबाईल लक्षात ठेवतो, पण त्याच मोबाईलवर, त्याच ॲपमध्ये, त्याच अकाउंटवर. कॅसेट कुठे थांबलीय हे कॅसेटमध्येच असतं. आमची आई सकाळी स्वयंपाकघरातल्या टू-इन-वनवर (रेडिओ आणि टेप एकत्र असलेलं मशीन) प्रवचन ऐकायची, अर्धं झालं की बंद, दुपारी तीच कॅसेट काढून शेजारच्या काकूंकडे जायची आणि त्यांच्या टेपवर बरोबर त्याच वाक्यापासून पुढे सुरू. कुणाला काही शिकवावं लागलं नाही, काही शोधावं लागलं नाही. सीडीला हे कधीच जमलं नाही, सीडी काढली की ती परत पहिल्या गाण्यापासून. दृष्टी नसलेल्या लोकांसाठी पुस्तकं वाचून कॅसेटवर भरायचे त्यामागे हे पण एक कारण असणार असं मला वाटतं, बटणं बोटांना कळतात आणि जागा हरवत नाही.

रेकॉर्डिंग तर मोबाईलवर जास्त सोपं आहे ना?

सोपं आहे, पण ते मोबाईलमध्ये कुठे जातं सांगा बघू. माझ्या भाच्याने त्याच्या आजोबांचं बोलणं मोबाईलवर घेतलं होतं, मोबाईल बदलला, आजोबा गेले, आता कुणालाच सापडत नाही. मी त्याला दोष देत नाही, वस्तूच अशी आहे की ती डोळ्यासमोर राहत नाही.

टेपवर काय होतं तर दोन बटणं एकत्र दाबायची, लाल आणि प्ले. ती खट करून खाली बसतात. चक्रं फिरताना दिसतात म्हणजे चालू आहे. संपली की बटणं आपोआप वर उडतात, तो आवाज दुसऱ्या खोलीत पण कळतो. आजीच्या ओव्या बाबांनी १९८९ च्या मे महिन्यात भरल्या, सी-६० म्हणजे तासाभराची कॅसेट, टीडीके कंपनीची. सुरुवातीला बाबा 'हं, बोल' म्हणतात, मग आजी 'फिरतंय का रे ते?' विचारते, मग दोनतीन सेकंद काहीच नाही आणि मग जात्याची घरघर सुरू होते. तिच्यासाठी ते खरंच जातं लावलं होतं कारण बसून नुसती म्हण म्हटलं तर तिला ओव्या आठवेचनात, हात फिरायला लागला की आपोआप एकीतून दुसरी यायची. मध्ये कुकरची शिट्टी आहे, ती झाल्यावर आजी थांबते, आत कुणालातरी गॅस बारीक करायला सांगते, आणि सोडलेल्या ओळीपासून पुन्हा सुरू करते. त्यानंतर त्या कॅसेटच्या कव्हरवर बाबांनी निळ्या शाईने 'आई – ओव्या – बाजू अ' लिहिलं, आणि ती छत्तीस वर्षं कपाटात त्याच नावाने उभी आहे.

स्वस्त टेपरेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणारं सर्किट असायचं, त्यामुळे कुणाला काही सेटिंग करायला लागायचं नाही. त्याचा तोटा म्हणजे माणूस गप्प बसला की मागचे आवाज वर येतात, पंखा, कावळे, रस्त्यावरचा भंगारवाला. मला तो तोटा वाटत नाही, त्या रेकॉर्डिंगमध्ये आमचं अख्खं जुनं घर ऐकू येतं.

गाणं शिकणाऱ्याला काय फायदा?

यावर मी कितीही बोलू शकतो. आमच्या क्लासमध्ये प्रत्येकाची स्वतःची कॅसेट असायची, तालीम सुरू झाली की गुरुजींच्या गादीजवळ टेप ठेवायचा. घरी येऊन तीच तान परत परत ऐकायची. आता रिवाइंडमध्ये गंमत काय आहे बघा, ते बटण दाबून सोडलं की हाताला अंदाज येतो, एवढा वेळ धरलं की चार आवर्तनं मागे. महिन्याभरात बोट इतकं तयार होतं की डोळे मिटून बरोबर समेच्या जरा आधी येता येतं. शिवाय तीन आकड्यांचा काउंटर असतो, मी वहीत लिहून ठेवायचो, 'यमन, बाजू ब, १४२ ला गमकाची तान'. आणि मागे जायला वेळ लागतो ना, त्या आठदहा सेकंदात मी ती तान मनात म्हणून बघायचो आणि मग परत ऐकताना चूक कुठे होतेय ते कळायचं. आता माझे विद्यार्थी स्क्रीनवर बोटाने ओढून पाच वेळा ऐकतात, मधल्या वेळात स्वतः गातच नाहीत. त्यांना मी आता टेपच दिलाय. दोघांनी स्वतःहून सांगितलं की जास्त पाठ होतंय.

तंबोऱ्याची कॅसेट पण असायची, पूर्ण बाजूभर नुसता तंबोरा. सेल उतरले की मात्र तंबोरा हळूहळू खाली उतरायचा आणि गाणारा त्याच्याबरोबर खाली, हे लक्षात ठेवा, रियाझाला लाईटवरच लावा.

सीडी जास्त टिकाऊ नाही का?

मला पण १९९९-२००० च्या सुमाराला असंच वाटलं होतं. ओळखीतल्या एका दुकानात आमच्या वीस कॅसेटी देऊन सीडीवर करून घेतल्या, घरी राइट करतात तसल्या सीडी. आज त्यातल्या अकरा वाचल्याच जात नाहीत. त्या सीडीत जो रंगाचा थर असतो त्यावर सगळं लिहिलेलं असतं, तो थर उन्हाने, दमटपणाने उतरतो, आणि मशीनला वाचता आलं नाही की संपलं, एक अक्षर ऐकू येत नाही. कारखान्यात छापलेल्या सीडी जास्त टिकतात, ते मान्य.

मूळ वीस कॅसेटी अजून वाजतात. वीसच्या वीस.

यामागचं कारण मला फार आवडतं. कॅसेट बिघडते ती हळूहळू आणि जागच्या जागी बिघडते. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने जाते. म्हणजे समजा मशीनने टेप चावली आणि दोन सेंटिमीटरचा तुकडा पार चुरगळला, तर तुमचा अर्धा सेकंद पण गेला नाही. तेवढा कापून जोडला तर सी-६० मधली बाकीची ८५ मीटर टेप जशीच्या तशी वाजते. हो, एक आहे, टेपच्या रुंदीत अर्धी अ बाजू आणि अर्धी ब बाजू असते त्यामुळे कापाल तिथे दुसऱ्या बाजूचा पण अर्धा सेकंद जातो. सुरकुती पडली असेल तर कापायची गरजही नसते, तिथे आवाज जरा बुडतो आणि परत वर येतो.

रस्त्याचं पण सांगतो. उसाच्या ट्रॅक्टरवर, जीपमध्ये, खड्ड्यातून जाताना सीडी उड्या मारायची. कॅसेट मारत नाही कारण टेप हेडला, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागाला, घासून जात असते, कुठला लेझर नेम धरून बसलेला नसतो. आमच्याकडे कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरवाल्यांकडे कॅसेट इतकी वर्षं टिकली त्याला हे कारण आहे, कंजूषपणा नाही.

टेप गुंतली तर काय करायचं? ओढू का?

ओढू नका, कधीच. बटण बंद करा, झाकण उघडा, कॅसेट हळूच अर्धी वर घ्या आणि टेप कुठे गुंडाळलीय बघा, बहुतेक वेळा रबरी रोलरला वेढा पडलेला असतो. रोलर बोटाने उलटा फिरवत वेढा सोडवा. बाहेर आलेली टेप षटकोनी पेन्सिलीने आत घ्या, कॅसेटच्या दातांत ती बरोबर बसते. टेपची चकचकीत आणि मंद बाजू उलटी होऊ देऊ नका, पीळ राहिला की पुढे आवाज उलटा आणि दबका येतो.

टेप परत परत गुंतत असेल तर दोष कॅसेटमध्ये नाही, मशीनमध्ये आहे. रोलर गुळगुळीत झालाय किंवा गुंडाळणाऱ्या चक्राचा बेल्ट सैल झालाय. स्पिरिट लावलेल्या कापसाने हेड आणि रोलर पुसा, कापूस तपकिरी निघेल, पांढरा निघेपर्यंत पुसा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

कॅसेटचं कवच फुटलं, आत टेप चांगली आहे. वाचेल का?

वाचते, आणि हा कॅसेटचा मला सगळ्यात मोठा गुण वाटतो. पाच स्क्रू असतात, चार कोपऱ्यांना आणि एक खाली मध्ये. टेबलावर पांढरा कपडा अंथरा म्हणजे बारीक वस्तू हरवत नाहीत. वरचं झाकण सरळ वर उचला, आत एक पातळ गुळगुळीत कागद असतो तो बाजूला ठेवा, मग दोन चक्रं, कोपऱ्यातले दोन छोटे रोलर, आणि मध्ये पितळी पट्टीवर चिकटवलेला नमद्याचा तुकडा जो टेपला हेडवर दाबून धरतो. बऱ्याचदा काय होतं की तोच तुकडा गळून पडलेला असतो आणि माणसाला वाटतं कॅसेटचा आवाज गेला. दुसऱ्या एखाद्या नकोशा कॅसेटचं कवच घ्या, दोन्ही चक्रं टेपसकट उचलून त्यात ठेवा, टेप रोलरवरून ओवा, झाकण लावा. पंधरा मिनिटांचं काम. काही कॅसेटी स्क्रूच्या नसतात, चिकटवलेल्या असतात, त्या कडेने पातळ चाकूने उघडाव्या लागतात, कवच फुटतं पण टेप वाचते. बंद पडलेल्या पेनड्राइव्हसाठी असं काही घरच्या टेबलावर करून दाखवा.

पावसाळ्यात बुरशी येते त्याचं काय?

येते, हे कोकणात, गोव्यात, आमच्याकडे कृष्णाकाठी सगळीकडे आहे. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं की टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसतात. अशी कॅसेट चांगल्या मशीनमध्ये लावू नका, ती बुरशी हेडला लागून पुढच्या सगळ्या कॅसेटींना जाते. कोरड्या दिवशी घराबाहेर, तोंडाला रुमाल बांधून, पेन्सिलीने पूर्ण एकदा पुढे आणि एकदा मागे गुंडाळा, गुंडाळताना टेप कोरड्या मऊ कापडातून अलगद जाऊ द्या. मग एका टाकाऊ मशीनवर एकदा वाजवा, त्याचं हेड पुसा, परत वाजवा. उन्हात मात्र ठेवू नका, कवच वाकडं होतं. कपाटात उभ्या ठेवा, जिन्याखाली किंवा बाथरूमच्या भिंतीला लागून नको. जून यायच्या आत ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या टाका.

सी-६०, सी-९०, सी-१२०, कुठली चांगली?

सी-६० म्हणजे दोन्ही बाजू मिळून ६० मिनिटं. आकडा वाढतो तशी टेप लांब, आणि ती त्याच डब्यात बसवायची म्हणून पातळ. सी-१२० ची टेप इतकी पातळ की ती ताणली जाते, गुंतते, आणि वर्षानुवर्षं पडून राहिली की एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. माझ्याकडे एका सी-१२० वर गुरुजींचा षड्ज ते गायच्या आधीच एकदम बारीक ऐकू येतो, दूरच्या खोलीतून आल्यासारखा. महत्त्वाचं काही असेल तर सी-६०, फार तर सी-९०.

चुकून पुसलं जायची भीती नाही का?

कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोटे चौकोनी दात असतात. ते मोडले की लाल बटण दाबलंच जात नाही. एक दात एका बाजूचा. परत भरायची असेल तर त्या भोकावर सेलोटेप लावा. इतकी साधी, डोळ्याला दिसणारी सोय मला अजून दुसऱ्या कुठल्या वस्तूत दिसली नाही. आजीच्या कॅसेटचे दोन्ही दात बाबांनी त्याच दिवशी मोडले होते.

लोक म्हणतात कॅसेटमुळे गाणं सगळ्यांपर्यंत पोचलं, म्हणजे नक्की काय?

फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ही कॅसेट दाखवली, लू ऑटन्स नावाच्या इंजिनीअरच्या हाताखालच्या लोकांनी ती बनवली होती. महत्त्वाचं म्हणजे पुढे फिलिप्सने ती इतर कंपन्यांना परवान्याचे पैसे न घेता बनवू दिली, अट एवढीच की माप आणि वेग तोच ठेवायचा. त्यामुळे जपानची कॅसेट जर्मनीच्या मशीनवर आणि दोन्ही इस्लामपूरच्या टेपवर चालायला लागल्या. साध्या मोनो टेपवर स्टिरिओ कॅसेट पण वाजते, तसे माप मुद्दाम आखलेले आहेत.

आपल्याकडे तोवर तबकडी होती. ती छापायला कारखाना लागायचा आणि तो मोठ्या कंपनीकडे, मग तबकडी कुणाची निघायची तर ज्यांचं नाव आधीच झालंय त्यांची. तबकडीवर छापलेलंच वाजतं, भरता येत नाही. आखाती देशांत नोकरीला गेलेली माणसं टू-इन-वन घेऊन यायला लागली, ऐंशीच्या दशकात इथेच मशीन आणि कॅसेटी बनायला लागल्या, टी-सीरिजसारख्या कंपन्या स्वस्तात विकायला लागल्या आणि दार उघडलं. छोट्या गावातला माणूस पण कॅसेट काढायला लागला. भीमगीतं, कव्वाल्या, गवळणी, भारुडं, वगनाट्यं, यातलं किती तबकडीवर आलं असतं? प्रल्हाद शिंद्यांचा आवाज आमच्याकडे प्रत्येक जत्रेत, प्रत्येक जयंतीला कॅसेटवरूनच वाजायचा. बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ पहाटे घराघरातून ऐकू यायचा तो कॅसेटमुळे. पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊसने शास्त्रीय संगीत कॅसेटवर काढलं, त्यातल्या काही कॅसेटी मी अजून दर आठवड्याला लावतो. गोव्यात तियात्रातली (कोकणी नाटकातली) कांतारं, म्हणजे गाणी, कॅसेटवर निघून थेट आखातात काम करणाऱ्यांकडे जायची.

आणि उलटी पण यायची. आमच्या वाड्यातल्या एका कुटुंबातला मुलगा मस्कतला होता, तो पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचा, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात. त्याची आई वाचता न येणारी, तिला पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायला संकोच वाटायचा. कॅसेट ती दार लावून एकटी ऐकायची, आणि त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला स्वतःचं उत्तर भरायची.

आवडीची गाणी भरून घेणं आणि प्लेलिस्ट, फरक काय?

फरक मर्यादेचा. गाणी भरून देणारं दुकान असायचं, आपण वहीच्या कागदावर यादी लिहून द्यायची, बाजूला ३० मिनिटं, म्हणजे सहा-सात गाणी. त्यामुळे विचार करावा लागायचा, कुठलं आधी, कुठलं शेवटी. प्लेलिस्टमध्ये मी चारशे गाणी टाकली आणि ऐकतो त्यातली पहिली दहा. कॅसेटवर पुढचं गाणं उडवायला कष्ट पडतात म्हणून न आवडणारं पण ऐकलं जातं, आणि माझी आज जी सगळ्यात लाडकी गाणी आहेत त्यातली कितीतरी अशीच चौथ्यापाचव्या वेळी आवडलेली आहेत.

आता मशीन कुठलं घ्यावं?

नवीन मशीन मिळतात, पण जवळपास सगळ्यांच्या आतली यंत्रणा एकाच स्वस्त नमुन्याची असते आणि डॉल्बी बहुतेक कशातच नसतं. गाणी ऐकायला चालतील, जपून ठेवायच्या कॅसेटी त्यात लावायला माझा जीव होत नाही. जुना चांगला डेक मिळाला तर तो घ्या, बेल्ट बदलून घ्या, बेल्ट अजून मिळतात. घेताना स्वतःची एक कॅसेट घेऊन जा, लांब सूर असलेली, बासरी किंवा हार्मोनियमची. सूर हलला तर सोडून द्या किंवा भाव पाडा.

कोऱ्या कॅसेटी मिळतात का?

हो. परदेशात अजून बनतात, अमेरिकेतल्या मिसुरीत एक कंपनी टेपसुद्धा स्वतः बनवते. आपल्याकडे ऑनलाइन आणि जुन्या बाजारात पडून राहिलेला माल मिळतो. सीलबंद आणि कोरड्या जागी ठेवलेला असेल तर डोळे झाकून घ्या.

शेजारी स्पीकर ठेवला तर पुसली जाते?

स्पीकरमागच्या चुंबकाला चिकटून ठेवली तर आवाज नक्की खराब होतो. हातभर लांब ठेवा, पुष्कळ झालं.

डिजिटल करून ठेवावं की नाही?

अवश्य करावं. मी कॅसेटच्या बाजूने बोलतोय म्हणून असं समजू नका की एकाच प्रतीवर विसंबून राहायचं. पण दोन गोष्टी सांभाळा. एक, डिजिटल करायच्या आधी हेडचा कोन जुळवा. हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो, कॅसेट वाजत असताना तो अगदी केसभर इकडेतिकडे फिरवला की एका जागी आवाज एकदम उघडतो, 'स', 'श' स्वच्छ ऐकू यायला लागतात. ज्या मशीनवर ती भरली होती त्याचं हेड जरा तिरकं असू शकतं, म्हणून प्रत्येक कॅसेटला हे करावं लागतं. मूळ जागेवर पेनाने खूण करून ठेवा. दोन, डिजिटल झाली म्हणून मूळ कॅसेट टाकू नका. दहा वर्षांनी कुणीतरी जास्त चांगल्या मशीनवरून परत काढेल. त्या सीडीवाल्या दुकानातून आणल्यावर आम्ही मूळ टाकून दिल्या असत्या तर अकरा कॅसेटी कायमच्या गेल्या असत्या. आणि टेप म्हणजे जुनाट असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, मोठमोठी डेटा सेंटर आजही जपून ठेवायचा डेटा चुंबकीय टेपवरच ठेवतात.

घरात जुन्या कॅसेटींचा खोका सापडलाय, आधी काय करू?

आधी वाजवू नका. हाताने भरलेल्या कॅसेटी वेगळ्या काढा, विकतच्या थांबू शकतात. वेगळ्या काढलेल्यांचे मागचे दात मोडा. बुरशी बघा. मग ज्या कॅसेटचं काही वाटत नाही अशी एक मशीनमध्ये लावून दोन्ही बाजू पूर्ण वाजवा, मशीन टेप चावत नाही ना ते कळेल. त्यानंतर आपली.

आणि ऐकायला एकटे बसू नका, घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस शेजारी बसवा. आजीच्या त्या कॅसेटवर ब बाजूला, आजी दमल्यावर, दुसरीच एक बाई दोन ओव्या म्हणते. आवाज खणखणीत आहे, बोलण्यात कर्नाटकाकडचा हेल आहे, शेवटी ती हसते आणि आजी तिला 'अगं म्हण की अजून' म्हणते. कोण आहे ते मला माहीत नाही. मी ती बाजू नीट ऐकली तेव्हा आजी, बाबा, आई कुणीच राहिलं नव्हतं. आत्याला ऐकवली, तिला पण ओळखू आली नाही. तेव्हा ज्यांना ओळखता येईल ते असतानाच ऐका, आणि नाव कळलं की लगेच कॅसेटच्या लेबलवर लिहा, कव्हरवर नको, कव्हरं बदलतात. बॉलपेनने लिहा.